हद्दीवर अडलेला माल

गोवामुक्तीविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यात हद्द ओलांडणारा माणूस ठसठशीत दिसतो. हद्दीवर अडलेला माल मात्र जवळजवळ दिसतच नाही. सत्याग्रही आहे, त्याच्या हातातला तिरंगा आहे, पात्रादेवीचा गोळीबार आहे, आग्वादच्या कोठड्या आहेत. त्या लेखनाचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. पण त्याच वर्षांत भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, आणि ती नाकेबंदी मोर्च्यापेक्षा आणि गोळीबारापेक्षा कितीतरी अधिक माणसांच्या रोजच्या जगण्यात शिरली होती. तिच्याविषयी ललित लेखन शोधू गेले तर आठवणींच्या पुस्तकांतली चार-दोन वाक्ये हाताला लागतात. व्यापारी, अडत्या, हमाल, मनिऑर्डरची वाट पाहणारी म्हातारी ही मंडळी त्या इतिहासात वावरली, साहित्यात नाही.

हा प्रश्न मला मोहोळात बसून पडावा, याचे काहींना नवल वाटेल. संतसाहित्याच्या अभ्यासकांना आमचे गाव नागनाथामुळे आणि नागेश संप्रदायामुळे ठाऊक असते. इतरांना पुण्याहून सोलापूरकडे जाताना खिडकीतून दिसून मागे पडणारे स्टेशन म्हणून. समुद्र इथून फार दूर, गोवा त्याहून दूर. पण मी ज्या वर्गाला मराठी शिकवतो, त्यातल्या निम्म्याअधिक मुलामुलींच्या घरी कांदा, द्राक्ष नाहीतर डाळिंब आहे, आणि ‘निर्यात’ हा शब्द त्यांनी अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचण्याआधी वडिलांच्या तोंडून ऐकलेला असतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली, तेव्हा सोलापूरच्या बाजार समितीतली पट्टी हातात घेऊन कुणाचे वडील कसे घरी आले, हे या मुलांनी पाहिले आहे. तिथे कोणताही प्रदेश वादग्रस्त नव्हता, कुणा परक्या सत्तेला नमवायचे नव्हते. कारण वेगळेच होते. तरीही त्याच वर्षी तासाला मी गोव्याच्या सत्याग्रहाविषयी बोलत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, गोव्याची वाट बंद केली, मग तिकडं माल घालणाऱ्यांचं काय झालं?’ सत्याग्रहींविषयी इतकी वर्षे शिकवताना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर नव्हते. म्हणून मी ते इकडेतिकडे शोधू लागलो, आणि हा लेख त्या शोधातून निघाला आहे.

आधी वाटेविषयी. आज गोव्याला जायचे म्हणजे कोकण रेल्वे असे समीकरण झाले आहे. पण त्या काळी गोव्यात शिरणारी एकच आगगाडी होती, ती घाटमाथ्यावरून उतरणारी. मोहोळच्या वाघिणीतला माल गोव्याकडे न्यायचा तर दोन मार्ग होते. एक, कुर्डुवाडीला बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवर चढवून पंढरपूरमार्गे मिरज, आणि मिरजेहून मीटरगेजने बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक. दुसरा, सोलापूरच्या पुढे होटगीला मीटरगेजवर घालून विजापूर, गदग, हुबळी आणि मग लोंढा. रूळ बदलला की पोती खाली उतरवायची, पुन्हा दुसऱ्या गाडीत भरायची. प्रत्येक ठिकाणी हमाली, तोलाई, वारदानाची तूट. कॅसलरॉकपर्यंत आपली हद्द. तिथे जकातीचे दप्तर, आणि पुढे दूधसागराच्या अंगावरून कुळे गाठणारी ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’, थेट मुरगावपर्यंत.

ही रेल्वेच मुळात एका व्यापारी कराराची संतती. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला, त्यानुसार दोन्ही हद्दींमधली जकात उठवायची, मुरगावचे बंदर आणि घाटातली रेल्वे बांधायची, आणि दख्खनचा कापूस त्या बंदरातून बाहेर काढायचा असे ठरले. बदल्यात इंग्रजांनी गोव्याच्या मिठावर ताबा मिळवला. गोव्याच्या मिठागरांतले मीठ लमाणांच्या बैलांवरून पिढ्यान्‌पिढ्या घाट चढत आले होते; आता किती पिकवायचे आणि कुणाला विकायचे हे परका अंमलदार ठरवू लागला. करार १८९२ मध्ये संपला, जकातीचा नाका परत आला. रेल्वे राहिली, मिठागरांची घडी मात्र विसकटली ती विसकटलीच. सांगायचे इतकेच, की या वाटेवर माल सुटणे आणि अडणे हे सालाझार आणि नेहरू यांच्या आधीपासून चालत आलेले आहे. मालकांनी करार करायचे, मोडायचे, आणि पोत्याखाली वाकलेल्यांनी ते भोगायचे.

१९४७ नंतर गोव्याचा प्रश्न वाटाघाटींनी सुटेना. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा आणि नगर हवेली मुक्त झाल्या. त्याच वर्षी प्रवासासाठी परवाने सक्तीचे झाले, गोदीकामगारांनी गोव्याच्या जहाजांवर बहिष्कार घातला, आणि मालावरची बंधने एकामागून एक आवळली गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो नि:शस्त्र सत्याग्रही हद्दीतून आत शिरले. गोळीबारात वीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले, १ सप्टेंबरला पणजीतली आपली वकिलात बंद केली, आणि कॅसलरॉकच्या पुढे गाडी जाईनाशी झाली. सैन्य घालायचे नाही आणि स्वस्थही बसायचे नाही, अशा कात्रीतून नाकेबंदी हा मार्ग निघाला होता. रस्त्यात रक्त सांडलेले असताना तिकडे तांदूळ आणि भाजी पाठवत राहा, असे कोणत्याही सरकारला म्हणता आले नसते. मीही म्हटले नसते.

आता आमच्या घरच्या एका वहीविषयी सांगतो. माझ्या आजोबांची मोहोळच्या पेठेत भुसाराची लहानशी आडत होती. त्यांच्या खतावण्या मोडीत आहेत, आणि मोडी मी वयाच्या चाळिशीनंतर शिकलो ते ऐतिहासिक कागद वाचावेत म्हणून. घरच्या माळ्यावरचे लाल बासन सोडायचे तेव्हा मनातही नव्हते. वर्गातल्या त्या प्रश्नानंतर ते सोडले. बेळगावच्या एका पेढीच्या नावे त्यात खाते आहे. तूरडाळ, हरभरा, कधी कांदा. काही नोंदींपुढे समासात ‘मडगाव बाजू’ असे लिहिलेले. म्हणजे बेळगावकर तोच माल पुढे घाटाखाली घालत असणार आणि तिकडून वसूल आला की इकडे भरणा करत असणार. शके १८७७ च्या श्रावणात शेवटची जावक आहे. तिच्यापुढे दोनच शब्द: ‘गाडी बंद’. येणे बाकी ६१२ रुपये ७ आणे.

आजोबांच्या अक्षरात कुठेही चडफड नाही, हे मला पहिल्यांदा खटकले. मग लक्षात आले, खतावणीत चडफडीला रकाना नसतो. पाडव्याला बाकी पुढे ओढली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, तेव्हा सात आण्यांचे चव्वेचाळीस नये पैसे करून तीच बाकी नव्या वहीत उतरवली आहे. देश पुढे जात होता, आणि त्याबरोबर ती बुडणारी रक्कमही नेमाने नव्या चलनात जात होती. १९५८ साली तिकडे पोर्तुगिजांनीही गोव्याची रुपिया बाद करून एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा या भावाने. म्हणजे मडगावकडच्या कुणा वहीत हेच देणे साडेतीन हजारांच्या वर गेले असेल. त्याच दिवाळीला आमच्याकडे त्या ओळीवर ‘बुडीत’ असे लिहून आडवी रेघ मारली आहे. सहाशे रुपये त्या काळी लहान आडत्याला लहान नव्हते. घरात सांगतात, की त्या सुमारास आजोबांनी दुकानातला एक गडी कमी केला. या दोन गोष्टींचा संबंध होताच असे मी म्हणणार नाही. वही तसे म्हणत नाही.

मला इथे एक जुनी गोष्ट आठवते. आपल्या भाषेतला सर्वांत मोठा वाणी कवी झाला, तो परंपरेने सांगितल्याप्रमाणे, आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवून. तुकोबांच्या त्या कृतीने त्यांच्या ऋणकोंची सुटका केली आणि भाषेला काय दिले ते सांगायला नको. पण त्या प्रतिमेचा मराठी मनावर असा पगडा बसला, की हिशेब हा कवितेच्या विरुद्ध बाजूचाच पदार्थ ठरला. वही बुडवणारा आपला. वही सांभाळणारा नाटकात गल्ल्यावर बसून चष्म्यावरून पाहणारा. सत्याग्रही हा बुडवणाऱ्यांच्या कुळातला म्हणून तो साहित्यात सहज आला. ज्याची बाकी बुडाली त्याला मात्र कुणी दारातही उभे केले नाही. असो.

नाकेबंदीने गोव्याच्या आत काय केले, त्याचे चित्र थोडे विचित्र आहे. बटाटे हॉलंडहून येऊ लागले, तांदूळ आणि भाजीपाला पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. दाबोळीला विमानतळ उभा राहिला आणि तिथून कराचीकडे विमाने जाऊ लागली. घाटमाथ्यावर बेळगावात शेतातला माल पडून आहे, आणि घाटाखालच्या मडगावात समुद्र ओलांडून आलेला बटाटा विकला जातो आहे! गोव्यातून आपल्याकडे येणारे नारळ, काजू, आंबा, मासळी, मीठ यांचे गिऱ्हाईक एका रात्रीत परदेशी ठरले. या वस्तू पिकवणारे आणि पाठवणारे लोक म्हणजे काही पोर्तुगीज सत्ताधीश नव्हते. बहुतेक सारे मुक्तीची वाट पाहणारेच होते. मुंबईत तेव्हा हजारो गोवेकर नोकरीला होते. धोबीतलावच्या परिसरातल्या कुडांमध्ये राहणाऱ्या खलाशांची आणि आचाऱ्यांची मनिऑर्डर हाच सासष्टी-बार्देशातल्या कित्येक चुलींचा आधार. पैसे धाडण्यावरही बंधने आली.

आणि खनिज? ते वाढत गेले. लोहखनिज आणि मँगेनीज जपानला व पश्चिम जर्मनीला जात होते; त्याला कॅसलरॉकची गरज नव्हती. डिचोलीच्या आणि सांग्याच्या डोंगरातून काढायचे, मांडवी-जुवारीतून पडावांनी मुरगावला न्यायचे आणि जहाजात ओतायचे. १९४० च्या दशकाअखेरीस नगण्य असलेली ही निर्यात १९६१ पर्यंत वर्षाला काही दशलक्ष टनांवर गेली. ज्या राजवटीची कोंडी करायची, तिचा खजिना याच निर्यातीने भरला. नाकेबंदी जमिनीवरून होती. समुद्र उघडाच राहिला. त्यामुळे ज्याचा माल बैलगाडीने किंवा वाघिणीने जात होता तो बुडाला, आणि ज्याचा माल जहाजाने जात होता तो तरला. हा निर्बंधांचा अपघात नव्हे, हा त्यांचा स्वभावच असावा, असे मला वाटू लागले आहे. मोठ्या निर्यातदाराला दुसरे बंदर सापडते. अडत्याला दुसरा घाट सापडत नाही. सापडलाच तर तो रात्रीचा असतो. त्या वर्षांत बांदा, दोडामार्ग, माजाळीच्या बाजूने चोरटा व्यापार बोकाळला. खाली तांदूळ उतरे, वर घड्याळे, विलायती कापड, दारू आणि सोने चढे. हद्दीवरच्या गावांत देशभक्ती आणि तस्करी एकाच पायवाटेने चालत होत्या, आणि दोघांनाही वाट दाखवणारा माणूस पुष्कळदा एकच असणार. एवढा विषय कादंबरीकाराच्या हातून निसटावा, याची हळहळ वाटते.

यात मराठी साहित्याच्या इतिहासापुरते एक उपकथानक आहे, आणि ते आपल्या अभ्यासक्रमात कुठेच येत नाही. मुक्तीनंतर तीनच महिन्यांत, मार्च १९६२ मध्ये, गोव्यात ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक सुरू झाले. पहिले संपादक बा. द. सातोस्कर, भांडवल चौगुल्यांचे. पुढे ‘नवप्रभा’ आले, ते धेंप्यांचे. दोन्ही घराणी खाणींची. मडगाव आणि मिरामारची महाविद्यालयेही याच नावांची. म्हणजे मुक्त गोव्यातल्या मराठीला जो छापखाना, जे स्तंभ, जी व्याख्यानमाला मिळाली, तिच्या पायात नाकेबंदीतही न थांबलेले खनिज आहे. हे मी कुत्सितपणे लिहीत नाही. त्या दैनिकांनी गोव्यातल्या मराठीचे जे केले ते मोठेच काम आहे. पण बुडीत खात्यांतून वर्तमानपत्रे निघत नाहीत, हे साहित्याच्या समाजशास्त्राने कधीतरी नोंदवायला हवे. बेळगावच्या भाजीवाल्याने आठवणी लिहिल्या असत्या, तर त्या छापल्या कुणी असत्या?

नाकेबंदीने अखेर काय साधले? सालाझार वाकला नाही. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल दादरा-नगर हवेलीच्या वाटेसाठी हेगच्या न्यायालयात गेला, १९६० च्या एप्रिलमध्ये निकाल लागला, आणि गोवा होता तिथेच राहिला. १९६१ च्या डिसेंबरात सैन्य शिरले आणि दोन दिवसांत काम झाले. सहा वर्षांच्या कोंडीने जे झाले नाही ते दोन दिवसांत झाले, तर मग ती सहा वर्षे कुणाच्या खाती टाकायची, असा प्रश्न वर्गात पुन्हा आला. काही मुले म्हणाली, कोंडी नसती तर जगाला प्रश्न कळलाच नसता. हे म्हणणे मी सोडून देत नाही. मात्र या वादात ‘जगाला कळणे’ ही जमेची बाजू मांडणारे पुष्कळ भेटतात. खर्चाची बाजू मांडायला कुणी उठत नाही. ती मांडली म्हणजे आपण मुक्तीच्या विरोधात गेलो असे आपले आपणच समजतो. माझ्या मते हा आपल्या समीक्षेचा जुना भित्रेपणा आहे.

ही केवळ जुनी कथा नाही. काश्मीरमध्ये नियंत्रणरेषेवरून २१ ऑक्टोबर २००८ पासून व्यापार सुरू झाला होता. चलन नाही, बँक नाही. एकवीस ठरावीक वस्तूंची मालाला माल अशी अदलाबदल. वादग्रस्त भूमीवर दोन्ही सरकारांनी मिळून उघडलेली ही खिडकी एप्रिल २०१९ मध्ये भारताने बंद केली. शस्त्रे, अमली पदार्थ आणि बनावट नोटा या वाटेने येतात, असे कारण दिले गेले. कारण खरेच असेल. पण अदलाबदलीच्या व्यापारात एका बाजूचा माल आधी पोचतो आणि दुसऱ्या बाजूचा नंतर. मधेच खिडकी मिटली की कुणाची तरी बाकी पलीकडे राहते, आणि ती मागायला पलीकडे जाता येत नाही. हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर उरी नाही, समासातले ‘गाडी बंद’ येते.

आमच्या बाजारपेठेपर्यंत हे प्रकरण खारकेच्या रूपाने आले. आपल्याकडे येणारी खारीक बहुतांशी सिंधची. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर दोनशे टक्के जकात बसली, आणि त्या हिवाळ्यात बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत खारीक मोजून पडू लागली. पुढे ती दुबईच्या वाटेने, दुबईची म्हणून येत राहिली. मे २०२५ मध्ये पहलगामनंतर तीही वाट कायद्याने बंद झाली, आणि जूनमध्ये न्हावा-शेवा बंदरात असे कंटेनर पकडले गेले. गोव्यात हॉलंडचा बटाटा आला तशीच ही दुबईची खारीक. वस्तूला तिचे गाव लपवावे लागते, हा निर्बंधांचा आणखी एक गुण. पेठेतल्या एका किराणा दुकानदाराला मी विचारले, ही खारीक कुठली? तो म्हणाला, ‘सर, पिशवीवर लिहिलंय ते वाचा, आणि भाव मला विचारा.’

आजोबांच्या वहीतली बेळगावची पेढी आता नाही. तिच्या वहीतही एक खाते ‘मडगाव’ या नावाचे असणार, आणि घाटाखाली कुणा दुकानदाराच्या घरी, पोर्तुगीज अंकांत किंवा कोकणी-मराठीच्या मोडीत, तिसरी वही. व्यापाऱ्याचा नियम असा, की एका वहीत जे येणे असते ते दुसऱ्या कुठल्यातरी वहीत देणे म्हणून उतरलेलेच असते. आमच्याकडे १९५८ ला रेघ मारली गेली. मडगावकराने ती कधी मारली, की १९६२ च्या सुरुवातीला गाड्या सुटण्याची लक्षणे दिसल्यावर त्याने बेळगावला पत्र घातले, याचा शोध मी यंदाच्या दोन विद्यार्थ्यांकडे सोपवला आहे. एकीच्या घरी कांदा आहे, दुसऱ्याच्या वडिलांचे पेठेत किराणा दुकान. दोघेही सध्या मोडी शिकताहेत, आणि आण्यांचे हिशेब त्यांना माझ्यापेक्षा लवकर जमू लागले आहेत.